तीन भाऊबिजा आणि न्यूझीलंड : खेळवेड्यांनो, या दिवाळीत तुम्ही कुणाचे आभारी आहात?

डोंबिवलीकरीण | ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:१०

परवा मध्यरात्रीच्या सुमारास नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला आणि आमच्या बिल्डिंगमध्ये उरलेसुरले सगळे फटाके एकदम वाजले. तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवलेले होते ते. आमच्याकडचं लग्न उद्या पौर्णिमेला लावणार, तेव्हा फुलबाज्यांवर भागवू. तुळस काही रागावणार नाही.

तेव्हापासून मनात येतंय, की यंदाच्या दिवाळीने आपल्यासारख्या खेळ बघणाऱ्यांना इतकं भरभरून दिलंय, तर कुणाचे तरी आभार मानायलाच हवेत. म्हणून हा धागा. देशाचा अभिमान वगैरे सगळ्यांनाच आहे, तो इथे गृहीत धरू. बारीकसारीक, घरगुती, आठवून हसू येईल अशी कारणं लिहा.

मी भाऊबिजेचे आणि न्यूझीलंडचे आभार मानते.

कॅलेंडर काढून बघा. २०२३ची भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध न्यूझीलंड. २०२४ची ३ नोव्हेंबरला. वानखेडेवरच तिसऱ्या कसोटीचा तिसरा दिवस, भारत विरुद्ध न्यूझीलंड. यंदाची २३ ऑक्टोबरला. नेरूळला महिला विश्वचषक, आणि समोर पुन्हा न्यूझीलंड! सलग तीन भाऊबिजा, तिन्ही वेळा तोच पाहुणा, आणि तिन्ही वेळा सामना मुंबईत नाहीतर खाडीपलीकडे. हे दादाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, आता ओवाळणीचं एक पाकीट त्यांनाही द्यायला हवं.

आमच्याकडे ओवाळणं दिवेलागणीला असतं. पाट मांडायचा तो बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला येईल असा, आणि आमच्या हॉलमध्ये टीव्हीची भिंत नेमकी पूर्वेची. ज्या बिल्डरने ती भिंत तिथे घातली त्याचेही मनापासून आभार. २०२३ला कोहलीचं पन्नासावं शतक झालं, गॅलरीत बसलेल्या सचिनला त्याने वाकून नमस्कार केला, श्रेयसनेही ७० चेंडूंत १०५ ठोकले, आणि ३९७ वर डाव संपला तेव्हा मी निरांजन लावलं. दादा पाटावर बसला होता, पण मान सारखी डावीकडे कलत होती, कारण मी मध्ये उभी. कुंकवाचा टिळा भुवईच्या वर न लागता कानाकडे गेला. फोटो आहे.

यंदा तर पावसानेच मुहूर्त काढून दिला. स्मृती १०९, प्रतिका १२२, दोघींची २१२ची सलामी, त्यावर जेमिमा सुटलेली. ४८ षटकं झाली आणि पाऊस आला. खेळाडू आत गेल्या, आम्ही पाट मांडला. ओवाळणं, फराळ, बहिणीला काय आणलं ते उघडून बघणं, सगळं सावकाश झालं आणि खेळ परत सुरू झाला. ५३ धावांनी जिंकलो आणि उपांत्य फेरीत गेलो.

मधलं २०२४ मात्र वेगळं. १४७ करायच्या होत्या, १२१ मध्ये आटोपलो, मालिका ०-३. घरच्या मैदानावर तीन कसोटींची मालिका आपण अशी कधीच हरलो नव्हतो. बासुंदी कुणाला गोड लागेना. पण रविवारी भरदुपारीच सगळं संपल्यामुळे दादा आणि मी गच्चीत बसून संध्याकाळपर्यंत बोललो. आईच्या आजारपणानंतर तसं निवांत बोलणं झालंच नव्हतं. म्हणून त्या भाऊबिजेचेही आभार.

लिहा आता तुमचे.

---

ऑफस्टंपबाहेर | ४ नोव्हेंबर, ११:४२

ताई, काय पकडलंय हे! मी तिन्ही सामने बघितले, पण तारखा अशा जोडल्या नव्हत्या.

२०२४च्या त्या दिवसासाठी एक नाव जोडतो, एजाज पटेल. मुंबईत जन्मलेला, आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. २०२१च्या डिसेंबरमध्ये याच वानखेडेवर त्याने एका डावात आपले दहाच्या दहा गडी घेतले होते. लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. २०२४ला परत आला आणि सामन्यात ११ गडी घेतले. दोन कसोटींत वानखेडेवर २५ बळी. म्हणजे भाऊबिजेला माहेरी आला आणि ओवाळणी घेऊन गेला. हरल्याचं दुःख होतं, पण मुंबईच्या मातीतल्या पोराने मुंबईच्या मातीवर चेंडू वळवला याचं मला तेव्हाही बरं वाटलं होतं आणि आजही वाटतं.

---

माधवनगरचा | ४ नोव्हेंबर, १२:२०

सांगलीहून सलाम.

भाऊबिजेचा विषय निघालाच आहे तर स्मृतीचं सांगायलाच हवं. ती क्रिकेटकडे वळली ती भावामुळे. तो महाराष्ट्राकडून वयोगटाचं क्रिकेट खेळायचा आणि ही त्याच्यामागे मैदानावर. त्याला राहुल द्रविडने स्वतःची एक बॅट दिली होती. २०१३ला १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात गुजरातविरुद्ध स्मृतीने नाबाद २२४ केल्या, त्या याच बॅटने.

तर यंदा भाऊबिजेच्या दिवशीच तिचं शतक. माझ्या बहिणीने ओवाळून झाल्यावर सरळ विचारलं, "तू मला कधी बॅट दिलीस?" मी पैठणी आणली होती. पैठणी तिला आवडली, पण प्रश्न काही मागे घेतला नाही.

आभार त्या भावाचे, ज्याने धाकट्या बहिणीला मैदानावरून घरी पिटाळलं नाही.

---

पलटण_कायम | ४ नोव्हेंबर, १२:५५

धागा छान, पण सगळं क्रिकेटच का? ३१ ऑक्टोबरला प्रो कबड्डीची अंतिम लढत झाली. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली, तेही दिल्लीच्या घरात. ३१-२८ने हरलो. तीन गुणांनी! शेवटच्या चढाईपर्यंत आमच्या चाळीत कुणी खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

तरी आभार मानायचे तर कबड्डीच्या वेळेचे मानतो. चाळीस मिनिटांचा खेळ, जेवणं उरकून बसायचं आणि झोपायच्या आत निकाल. आमच्या आजोबांना क्रिकेटचे आठ तास सोसत नाहीत, पण कबड्डीला ते पहिल्या चढाईपासून हजर. तरुणपणी लाल मातीत खेळलेले आहेत. टीव्हीवर कुणी बोनस घ्यायला पाय टाकला की त्यांचा उजवा पाय पलंगावर आपोआप पुढे सरकतो. कुणाला पकडायचं हे पकड व्हायच्या आधी सांगतात. आणि बहुतेक वेळा बरोबर असतात. २०२४च्या मार्चमध्ये आपण हरियाणाला २८-२५ने हरवून चषक आणला, तेव्हाही फरक तीनच गुणांचा होता. तेव्हा ते तीन गुण आपल्याकडे होते, यंदा दिल्लीकडे. अस्लम इनामदार आणि सगळ्या पोरांना माझ्याकडून शंकरपाळ्यांचा डबा, पत्ता मिळाला की पाठवतो.

---

खोखोची_ताई | ४ नोव्हेंबर, १३:०५

पलटण_कायम यांना +१. आणि खो-खो विसरू नका रे कुणी. याच वर्षी जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, दोन्ही गटांत आपण जिंकलो, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. मी शाळेत बारा वर्षं खांबाला हात लावून पळणाऱ्या मुली तयार केल्या. त्यांच्यापैकी एकीने दिवाळीला मला फोन करून विचारलं, "बाई, तुम्ही बघितलात ना?" अगं बघितलं तर! त्या फोनचे आभार.

---

फातोर्डेकार | ४ नोव्हेंबर, १४:३०

गोंयच्यान नमस्कार.

आमची दिवाळी नरकासुराने सुरू होते. रात्रभर पोरं जागतात, पहाटे नरकासुर जळतो, मग अभ्यंग आणि फोव, म्हणजे पोहे. पण यंदा आमच्या फातोर्ड्याला खरी जाग आली ती पाडव्याच्या संध्याकाळी, २२ ऑक्टोबरला. एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये एफसी गोवा विरुद्ध सौदीचा अल नस्र, म्हणजे रोनाल्डोचा संघ. रोनाल्डो येणार म्हणून महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. तो आला नाही. पण मी त्या रात्री घरी परतलो तो ब्रायसन फर्नांडिसचं नाव घेत. आमच्या पोराने अल नस्रच्या जाळ्यात चेंडू मारला! आपण २-१ने हरलो, तरी तो गोल झाला तेव्हा माझ्या बाजूला बसलेल्या, ओळखदेख नसलेल्या एका काकांनी मला अशी मिठी मारली की चष्म्याची एक काडी त्यांच्या शर्टाच्या खिशात अडकून राहिली. सामना संपल्यावर ते मला शोधत आले आणि काडी परत दिली.

रोनाल्डोचेही आभार. तो येणार अशी हवा नसती तर जे लोक कधी मैदानावर येत नाहीत ते आले नसते, आणि ब्रायसनचा गोल त्यांनी डोळ्यांनी बघितला नसता.

शिवाय सध्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक चालू आहे, २०६ खेळाडू. नागपूरची दिव्या पहिल्याच फेरीत बाहेर गेली, पण जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकून तिने वर्षाची दिवाळी आधीच करून ठेवलीय. तिला बोल लावायचा नाही.

---

डोंबिवलीकरीण | ४ नोव्हेंबर, १४:५०

फातोर्डेकार, चष्म्याच्या काडीचा किस्सा आमच्या अख्ख्या ऑफिसला वाचून दाखवला. आणि पलटण_कायम, आजोबांना माझा नमस्कार सांगा.

---

सिडनीच्या_कट्ट्यावरून | ४ नोव्हेंबर, १६:१५

इथे दिवाळीला सुट्टी नसते. लक्ष्मीपूजन ऑफिसातून आल्यावर, अभ्यंगस्नान घड्याळाकडे बघत. म्हणून इथल्या मराठी मंडळींची खरी दिवाळी येते शनिवारी, आणि यंदाचा शनिवार २५ ऑक्टोबरचा होता. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर भारत-ऑस्ट्रेलिया!

त्याआधीचं सांगतो. विराट पर्थला शून्य, अॅडलेडला शून्य. अॅडलेडचा सामना तुमच्या भाऊबिजेच्याच दिवशीचा. दिवसा पुरुष हरले, रात्री मुली जिंकल्या. तेव्हा शनिवारी तो मैदानात उतरला आणि पहिली धाव घेतली, तर स्टेडियमभर असा जल्लोष की जणू शतक झालं. स्वतः विराटही हसला. मग त्याच्या नाबाद ७४ आणि रोहितच्या नाबाद १२१. १६८ धावा दोघांनी मिळून काढल्या आणि शेवटपर्यंत टिकले.

आम्ही पोह्यांच्या चिवड्याचा मोठा डबा नेला होता. पुढच्या रांगेत हिरवी-सोनेरी टोपी घातलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना द्रोणभर दिला. आजींनी डाळं आणि खोबऱ्याचे काप वेगळे काढून आधी खाल्ले, मग विचारलं, अजून आहे का? रोहितचं शतक झालं तेव्हा दोघं उभे राहून टाळ्या वाजवत होते. मालिका ऑस्ट्रेलियाने आधीच जिंकली होती, त्यामुळे त्यांनाही टाळ्या परवडत होत्या.

माझे आभार शनिवारला. आणि आईला, जिने तो चिवडा पार्सलने पाठवला.

---

सुट्टीवाली_आई | ४ नोव्हेंबर, १७:००

मी दिवाळीच्या सुट्टीचे आभार मानते. ३० ऑक्टोबरला शाळा असती तर दोन्ही मुलं साडेनऊला झोपली असती आणि जेमिमा त्यांनी दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्ये बघितली असती.

ऑस्ट्रेलियाच्या ३३८ झाल्या तेव्हा नवरा म्हणाला, गाद्या घाला. मुलगी म्हणाली, नाही. बस. तिच्या हट्टामुळे आम्ही सगळे जागलो. इंग्लंडविरुद्ध संघातून वगळलेली पोर. उपांत्य सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला उतरायच्या पाचच मिनिटं आधी कळलं. आणि नाबाद १२७! हरमनप्रीतबरोबर १६७ची भागी. शेवटी ती रडत होती, माझी मुलगी रडत होती आणि नवरा गाद्यांवर उभा राहून ओरडत होता. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग कुणीच केला नव्हता.

---

पार्काचा_जुना_पाईक | ४ नोव्हेंबर, २१:४०

सगळे प्रतिसाद वाचले, मग लिहायला बसलो.

मी आभार मानतो अमोल मुझुमदारचे. या नावावर मुंबईचं मैदानी क्रिकेट बघणाऱ्या माझ्या पिढीचा जीव आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९८८, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा, आझाद मैदान. शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोदची ६६४ची अभेद्य भागीदारी. ती सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी पॅड बांधून पुढच्या क्रमांकावर अमोल बसून होता. त्याची पाळी आलीच नाही. मग १९९३-९४ला मुंबईकडून रणजी पदार्पण, हरियाणाविरुद्ध, फरिदाबादला. केल्या २६०! प्रथम श्रेणीच्या पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. आम्हाला वाटलं, झालं, हा आता भारताकडून खेळणार. पण मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागाच नव्हती. अमोल खेळत राहिला. वीस वर्षं, अकरा हजारांवर धावा. २००६-०७च्या हंगामात मुंबईने त्याच्या नेतृत्वाखाली रणजी जिंकली, पहिले तीन सामने हरल्यावर! पुढे आसाम, आंध्र इथेही खेळला. भारताची टोपी काही मिळाली नाही.

त्याची फलंदाजी ज्यांनी शिवाजी पार्कात बघितली आहे त्यांना विचारा. सरळ बॅट, डोकं चेंडूवर, घाई नाही. दुपारी कट्ट्यावर बसून शेंगा खात त्याला बघायला आम्ही कामाच्या वेळा जुळवायचो.

ऑक्टोबर २०२३मध्ये तो महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. यंदा विश्वचषकात सलग तीन सामने हरलो, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडविरुद्ध तर इंदूरला चारच धावांनी, आणि तोही ऐन दिवाळीच्या तोंडावर. लोक काय काय बोलले! त्यानंतर तुमचा तो भाऊबिजेचा सामना, मग उपांत्य, मग अंतिम. प्रतिका जखमी झाली म्हणून आत आलेल्या शफालीने ८७ केल्या, वर दोन बळी. दीप्तीच्या ५८ आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्व्हार्ट १०१वर असताना तिचा उंच उडालेला झेल अमनजोतच्या हातातून उडत उडत अखेर राहिला. माझ्या छातीचे ठोके बायकोला ऐकू गेले असतील.

विजयानंतर हरमनप्रीत आली, अमोलच्या पाया पडली आणि मग दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. मैदान मुंबईकरांचं, माणूस पार्कातला. सदतीस वर्षं पॅड बांधून बसलेल्या आमच्या अमोलची पाळी आली.

आमच्या कट्ट्यावर काल सकाळी एकाने पेढे आणले. कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी हात पुढे केले.

---

ऑफस्टंपबाहेर | ४ नोव्हेंबर, २१:५८

काका, दंडवत. त्या मुली चषक घेऊन मिताली, झुलन आणि अंजुम या जुन्या खेळाडूंकडे गेल्या आणि त्यांच्या हातात तो दिला, तेव्हा मलाही राहवलं नाही. २००५ला सेंच्युरियन, २०१७ला लॉर्ड्सवर नऊ धावांनी. त्या हरलेल्या दोन्ही अंतिम सामन्यांच्या मुलींचा तो चषक आहे.

---

किल्लेवाली_आत्या | ५ नोव्हेंबर, ०९:१५

पुण्याहून. आमच्या वाड्यात पोरं दरवर्षी किल्ला करतात. यंदा भाचीने प्रतापगड केला आणि पायथ्याला, जिथे एरवी शेत आणि विहीर असते, तिथे क्रिकेटचं मैदान. हळीव पेरून हिरवळ आणली, मधोमध मातीची खेळपट्टी थापली, काड्यापेटीच्या काड्यांच्या यष्ट्या. मावळे तटावर भाले घेऊन उभे आणि त्यातले चार खाली क्षेत्ररक्षणाला. फलंदाज म्हणून शेतकरीण उभी केली होती, डोक्यावर पाटी असलेली. भाऊबिजेला दोन शतकं झाली तेव्हा तिने शेतकरणीची पाटी काढून ठेवली, "धावताना पडेल" म्हणून.

किल्ला अजून मोडलेला नाही. चषकाच्या दिवशी तिथे पणती लावली. आभार त्या शेतकरणीचे.

---

सुट्टीवाली_आई | ५ नोव्हेंबर, १०:०५

आत्या, फोटो टाका ना!

आणि जाणकारांना एक विचारते. मुलगी नऊ वर्षांची आहे, उपांत्य सामन्यापासून बॅट हवी म्हणून मागे लागलीय. कुठली घ्यावी? दुकानदार एकदम महागातली दाखवतो आहे.

---

पार्काचा_जुना_पाईक | ५ नोव्हेंबर, १०:४०

महागातली अजिबात नको. काश्मीर विलो लाकडाची साधी बॅट घ्या. नऊ वर्षांना बहुतेक ४ नंबर लागतो, चण लहान असेल तर ३. पुढे वापरता येईल म्हणून मोठी घेऊ नका, जड बॅटने मुलं आडवी फिरवायला शिकतात आणि ती सवय जाता जात नाही. दुकानात तिला एका हाताने, वरच्या हाताने, बॅट सरळ पुढे धरायला सांगा. मनगट थरथरलं तर हलकी बघा. पहिले काही महिने टेनिस बॉल. लेदरचा चेंडू प्रशिक्षक सांगतील तेव्हाच, आणि तोही हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज सगळं घालून. जवळच्या मैदानावर मुलींची बॅच नसेल तर मुलांच्या बॅचमध्ये घाला, स्मृती आणि जेमिमा दोघीही मुलांमध्ये खेळल्या आहेत.

---

सुट्टीवाली_आई | ९ नोव्हेंबर, १९:२०

काका, खूप आभार. आज घेतली. ४ नंबर जड वाटली, ३ नंबर सरळ धरता आली. ग्रिप तिला गुलाबी हवी होती, दुकानात निळी आणि काळीच होती. मिनिटभर विचार केला आणि म्हणाली, निळी दे, टीमची निळी असते. शनिवारपासून बॅच आहे, सोळा मुलगे आणि ही. सरांनी पहिल्या दिवशी फक्त पाणी आणि टोपी आणायला सांगितलंय, पण ती बॅट नेणारच आहे.